शाळा सुटलेल्यांसाठी नर्सिंगची वाट

सुरतेच्या डिंडोली, नवागाम, गोडादरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. पुरुष मिलमध्ये नाहीतर लूमवर, बायका घरी साड्यांचे धागे कापतात, टिकल्या लावतात. यातल्या अनेकींची शाळा आठवी-नववीतच सुटली. आता मुलं मोठी झाली, वय सत्तावीस-अठ्ठावीस झालं आणि नर्स व्हायचं मनात येतं. घरचे विचारतात, दहावीच नाही, तर कॉलेजात घेणार कोण?

वाट आहे. लांबची आहे, पण कायद्याने मान्य असलेली आहे.

सुरुवात एनआयओएसपासून, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयापासून करायची. इथे दहावीला वयाची वरची अट नाही आणि मराठीतून परीक्षा देता येते. किमान पाच विषय घ्यायचे. एकदा नोंदणी झाली की पाच वर्षांत, जमेल तसे ते सोडवायचे. परीक्षा वर्षातून दोनदा असते. मात्र दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचं अंतर लागतं. ‘एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही’ अशी पाटी दिसली तर त्या दारात पैसे भरू नका.

खरी गफलत बारावीचे विषय घेताना होते. मुक्त विद्यालयात विषय आपल्या मनाने निवडता येतात, म्हणून सोपे तेवढे घेतले जातात आणि इंग्रजी राहून जातं. जीएनएम या तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमाला कोणतीही शाखा चालते, पण बारावीत एकूण ४० टक्के हवेत आणि इंग्रजीतही वेगळे ४० टक्के हवेत. मुक्त विद्यालयात ३३ टक्क्यांना पास करतात. म्हणजे बारावी पास होऊनही नर्सिंगचं दार बंद राहू शकतं. थेट बी.एस्सी. नर्सिंग करायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चारही विषय लागतात, खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात. प्रॅक्टिकलची सोय कोणत्या अभ्यासकेंद्रात आहे हे फॉर्म भरण्याआधी विचारा.

वयाचा हिशोब आजच मांडा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाने एएनएम (सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम), जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाला कमाल वय ३५ आहे. दहावीला एक वर्ष आणि पुढे बारावीपर्यंत दोन वर्षं धरली, तर दहावी न झालेल्या बाईने तिशीच्या आसपास तरी सुरुवात करायला हवी. वय कडेला आलं असेल तर पस्तिशी उलटण्याआधी निदान दोन वर्षांच्या एएनएमला प्रवेश घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमसाठी वयाची अट राहत नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं की हातात पदवी येते. डॉक्टरच व्हायचं असेल, तर नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची वयाची वरची अट २०२२ साली उठली आहे आणि महाराष्ट्रातल्या केंद्रांवर पेपर मराठीतही मिळतो. स्पर्धा मात्र फार मोठी आहे. घरखर्च अंगावर असलेल्याला मी आधी नर्सिंगच सुचवीन.

मोठ्या वयात शिकून सुरतेत रुग्णसेवा केलेली मराठी बाई शोधायला लांब जावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रखमाबाईंचंच पाहा. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. पुढे नवऱ्याने नांदायला येण्यासाठी खटला भरला, तरी त्या गेल्या नाहीत. मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं घरी आणून शिकल्या, १८८९ साली, पंचविशीत, लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढची वीसेक वर्षं सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात त्यांनी काम केलं.

आता फसवणुकीबद्दल. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा ‘नर्सिंग’ कोर्स करून कोणी नर्स होत नाही. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स खरा आहे, त्यावर रुग्णालयात मदतनीसाचं काम मिळू शकतं; पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. नर्सिंग घरबसल्या, पत्राने शिकून परिचारिका होता येत नाही. फी देण्याआधी संस्थेचं नाव परिचर्या परिषदेच्या आणि गुजरात नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहा.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते ती जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रातून स्थलांतर केलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला गुजरातच्या राज्य कोट्यात आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच हे तत्त्व मान्य केलं आहे. म्हणून प्रवेश सुरतेत घ्यायचा की गावाकडे, हे घरात बसून आधी ठरवा. शाळा सोडल्याचा दाखलाही गावच्या शाळेतून आत्ताच मागवून ठेवा.

आणि सासूबाई, नवरोबा, आईवडील यांना एक विनंती. मुक्त विद्यालयाचा अभ्यास टिकल्या लावतालावता होईल, जीएनएम होणार नाही. ती तीन वर्षं रोज वर्ग आणि वॉर्डातली ड्युटी असते, रात्रपाळीही असते. त्या काळात मुलांना कोण सांभाळणार, स्वयंपाक कोण करणार आणि तिची बंद झालेली कमाई कशी भरून काढायची, हे फॉर्म भरण्यापूर्वी तिच्यासमोर बसून ठरवा.