तांबडा द्राक्षारस पारखावा कसा?

कोकणात आपल्या घरी शब्बाथचा किद्दूश काळ्या मनुकांच्या शरबतावर होत असे. मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. तो गोडवा आपल्या पिढीच्या जिभेवर असा बसला आहे की, इस्राएलात येऊन इतकी वर्षे लोटली तरी द्राक्षारस गोड नसला की तो बिघडला असेच आपण समजतो. आम्हीही त्यातलेच. एका शब्बाथला जावयांनी गोलानच्या पीनो नुआरची बाटली आणली. घोट घेताच "आंबली आहे" असे आम्ही सर्वांसमक्ष म्हणून गेलो आणि वर पेल्यात साखर ढवळली! जावई काही बोलले नाहीत. बाटली उत्तम होती, हे आम्हांला मागाहून कळले.

आता हा आंबटपणा येतो कोठून? द्राक्ष पिकते तशी त्यातली साखर वाढते व आम्ल घटते. सखल, उष्ण भागात रात्रीही गारवा नसल्याने आम्ल झपाट्याने जाते. गोलानचे मळे सुमारे ४०० ते १२०० मीटर उंचीवर आहेत. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फही पडते. तेथे फळ सावकाश पिकते व आम्ल टिकते. १९७६ साली तेथे वेली लावल्या गेल्या आणि १९८३ साली कात्स्रीन येथे द्राक्षारसाचा कारखाना निघाला.

पारख करण्यापूर्वी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. तांबडा द्राक्षारस खोलीइतका उबदार असावा हा नियम युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पाळला तर नुसता मद्यार्क नाकात जाईल. १४ ते १६ अंश पुरे. पेला एक तृतीयांशच भरावा व पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. पीनो नुआरचा रंग मुळातच फिका असतो, म्हणून पाणी घातले असा संशय घेऊ नये. मग पेला फिरवून वास घ्यावा. आंबट चेरी, रासबेरी, जुना असल्यास ओला पाचोळा, असे वास येतात. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बुचाचा दोष समजावा.

खरी गफलत तोंडात होते. आम्ल आणि तुरटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्लाने कोकमाच्या सारासारखे जिभेखाली पाणी सुटते. तुरटपणाने जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या कोरड्या पडतात. पीनोत पहिले अधिक, दुसरे बेताचे. आंबटाबरोबर फळाची चवही भरून आली तर द्राक्षारस चांगला. नुसताच आंबट व पातळ लागला तर फळ कच्चे तोडले असावे. घोट गिळून मनात आकडे मोजावे. चार म्हणेपर्यंत चव गेली तर साधारण, दहापुढे राहिली तर उंची. नारळाच्या रसातल्या कोंबडीबरोबर तो घेऊन पाहा. आम्लाने तोंड स्वच्छ होते आणि तुरटपणा कमी असल्याने तिखटही फार चढत नाही.

या पारखीचे धर्मातही काम पडते. सोबत पिणारे असताना मेजावर दुसरा द्राक्षारस आला, आणि तो पहिल्यापेक्षा हलका आहे असे ठाऊक नसेल, तर त्यावर 'हत्तोव वहम्मेतीव' हा आशीर्वाद म्हणतात. त्याच्या बाकीच्या अटी हाखामांना विचाराव्यात.

आणि शरबताचा किद्दूश कमी दर्जाचा, असे कोणी मानू नये. मनुकांच्या द्राक्षारसाला शुल्हान आरूखमध्ये मुभा आहे. आमच्या घरी आता दोन्ही असतात. साखरेचे भांडे तेवढे स्वयंपाकघरातच राहते.