महापालिकेची माध्यमिक शाळा : गुण आणि दोष

शाळेची पारख केवळ दहावीच्या निकालावरून करावी काय? समजा, एका शाळेत नववीच्या पटावर 60 मुले होती, त्यांपैकी 40 दहावीच्या परीक्षेला बसली आणि 36 उत्तीर्ण झाली. फळ्यावर निकाल 90 टक्के लागतो. नववीच्या पटाशी ताडून पाहता तो 60 टक्केच ठरतो. मधली 20 मुले कुठे गेली, हा खरा प्रश्न.

मुंबई महापालिकेचेच उदाहरण घेऊ. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून ती शाळा चालविते. हमालाच्या, मोलकरणीच्या मुलाला तेथे दार उघडे असते. हा तिचा मोठा गुण होय.

दोषाचे मूळ मात्र कायद्यातही आहे. 1888 च्या अधिनियमानुसार प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, माध्यमिक ऐच्छिक. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्रही आठवीपर्यंतच. नववीच्या उंबरठ्यावर, जेथे आधाराची सर्वांत अधिक गरज, तेथेच तो सैल होतो.

आमच्या उत्रोलीसारख्या गावांतून पोटासाठी शहरात गेलेल्यांची मुले अशाच शाळांत शिकतात. म्हणून किती पहिले आले एवढेच न पाहता, आत आलेली किती मुले शिकून बाहेर पडली, तेही मोजावे.