खताच्या वाफ्यांतील पिवळी छत्री

पावसाळी हवेत ऊब व ओल टिकू लागली, म्हणजे शेणखत घातलेल्या रोपवाफ्यांत, कुजत्या पाल्याच्या ढिगांवर व परसातील कुंड्यांत लिंबासारख्या पिवळ्या, नाजूक छत्र्या एकाएकी उगवतात. त्या पाहून कोणी रोपांस रोग लागला असे समजतो, तर कोणी त्यांस खाण्याची अळंबी मानतो. या दोन्ही चुका टळाव्यात म्हणून आम्ही येथे तिची ओळख देत आहो.

शास्त्रात हिला ल्यूकोकॉप्रिनस बर्नबौमी म्हणतात. कोर्डा या शास्त्रज्ञाने १८३९ साली हिचे वर्णन केले. ही उष्ण हवेची छत्री. थंड मुलखात ती बहुधा काचगृहातच आढळते.

ओळखण्याच्या खुणा अशा:

(१) टोपी प्रथम अंड्यासारखी, पुढे घंटेसारखी व शेवटी पसरट होते. रुंदी सुमारे एक ते दोन इंच. वर पिवळी भुकटी व बारीक खवले, कडेस चुण्या.

(२) टोपीखालील पातळ पट्ट्या फिक्या पिवळ्या असून दांड्यास चिकटलेल्या नसतात.

(३) दांडा बारीक, बुडाशी फुगीर; त्यावर एक नाजूक पिवळे कडे असते. ते पुष्कळदा गळून पडते.

(४) टोपी कापून, पट्ट्या खाली करून काळ्या कागदावर रात्रभर भांड्याखाली झाकावी. सकाळी बीजकणांचा पांढरा ठसा दिसतो.

नमुना ओढून तोडू नये, बुडासकट खणून काढावा. वारुळाच्या जागी येणाऱ्या खाण्याच्या अळंबीचा दांडा मुळासारखा खोल उतरून वाळवीच्या घरट्यास भिडतो, व तिचा ठसा गुलाबीसर पडतो. पिवळ्या छत्रीस तसे मूळ नसते.

ही छत्री कुजक्या द्रव्यावर जगते. जिवंत रोपांस ती उपद्रव देत नाही. सबब तिच्यासाठी औषध फवारून पैसा दवडू नये. मात्र ती खाल्ल्यास पोट बिघडते. म्हणून घरात लहान मुले असल्यास दिसताच उपटून पुरावी.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, किंवा किड्यांनी छत्री खाल्ली, एवढ्यावरून ती निर्विष ठरत नाही. रंगावरही भिस्त ठेवू नये. अतिशय घातक अळंब्यांपैकी काही शुभ्र असतात व त्यांचा ठसाही पांढराच पडतो. कोणी चुकून खाल्लीच, तर उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. पूर्ण ओळख पटल्याविना कोणतीही रानछत्री पानात वाढू नये, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.