आरोग्याचीं वचनें कशीं पारखावीं?

घरांतील कर्त्या माणसास मोठें दुखणें आलें, म्हणजे दागिना मोडावा लागतो, कर्ज होतें, आणि प्रसंगीं मुलांची शाळाही सुटते. विड्या वळणाऱ्या व यंत्रमागावर राबणाऱ्या आमच्या सोलापुरास हें निराळें सांगावयास नको. म्हणून निवडणुकीच्या वेळीं उमेदवारांचीं आरोग्याविषयींचीं वचनें पारखून घेणें हें नागरिकाचें कर्तव्य होय. तें कसें करावें, हें आपण एका घडलेल्या उदाहरणावरून पाहूं.

सन २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत सोलापूर मतदारसंघांत ७ मे रोजीं मतदान झालें. मुख्य सामना काँग्रेसच्या प्रणिती शिंदे व भारतीय जनता पक्षाचे राम सातपुते यांच्यामध्यें होता. उभय पक्षांचे जाहीरनामे एप्रिल महिन्यांत प्रसिद्ध झाले होते. काँग्रेसनें राजस्थानच्या धर्तीवर २५ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याचें, तसेंच सरकारी दवाखान्यांत तपासणी, औषधें व शस्त्रक्रिया मोफत देण्याचें वचन दिलें. भाजपनें आयुष्मान भारत योजनेचा ५ लाखांपर्यंतचा लाभ ७० वर्षांवरील वृद्धांस देण्याचें व स्वस्त औषधांचीं जनऔषधी केंद्रें वाढविण्याचें वचन दिलें.

आतां २५ हा आंकडा ५ पेक्षां मोठा, एवढ्यावरून निकाल देऊं नये. चार प्रश्न विचारावे.

पहिला, लाभ कोणास? सर्वांस, गरिबांस, कीं ठराविक वयाच्या माणसांस?

दुसरा, कोणत्या दुखण्यास? आयुष्मानसारखी योजना मुख्यतः रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्याचा खर्च भागविते. मधुमेहाची रोजची गोळी त्यांत येत नाहीं. त्याकरितां जवळच्या दवाखान्यांत डॉक्टर व औषध हजर पाहिजे.

तिसरा, पैसा कोठून व केव्हांपर्यंत?

चौथा, अधिकार कोणाचा? राज्यघटनेप्रमाणें सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयें हा राज्यांचा विषय आहे. गटारें व डासांचा बंदोबस्त महानगरपालिकेकडे असतो. ज्याच्या हातीं जें काम, त्यासच त्याचा जाब विचारावा.

पुढें काय झालें, तेंही बोधप्रद आहे. सोलापुरांत प्रणिती शिंदे निवडून आल्या. दिल्लींत सरकार भाजपप्रणीत आघाडीचें झालें. त्या सरकारनें वृद्धांविषयींची योजना २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुरू केली. काँग्रेसच्या वचनाची कसोटी सत्तेअभावीं लागलीच नाहीं. यावरून एकाचें वचन खरें व दुसऱ्याचें खोटें ठरत नाहीं. एकटा खासदार योजना काढूं शकत नाहीं. तो संसदेंत प्रश्न मात्र विचारूं शकतो, हें यावरून कळतें.

नांवानेंही भुलूं नये. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतें. पुढें सरकार बदललें, २०१७ सालीं योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें, पण योजना चालू राहिली. रोग्याच्या दृष्टीनें नांवापेक्षां खाट, औषध व डॉक्टर मिळतो कीं नाहीं, हेंच महत्त्वाचें.

मत कोणास द्यावें, हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु विद्यार्थ्यांनीं पुढील निवडणुकीच्या वेळीं वहींत हे चार प्रश्न लिहून प्रत्येक उमेदवाराचें उत्तर त्यांपुढें मांडावें, व ती वही घरीं वडील मंडळींस दाखवावी. जेथें रकाना कोरा राहील, तेथें उमेदवारास विचारण्याजोगा प्रश्न सांपडला असें समजावें.