आभाळ भरून आले म्हणजे उन्हाळा हलका झाला असे नव्हे

मे महिना लागला की हवामानाचा अंदाज रोज मोबाईलवर येतो. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यासाठी तो बहुतेक दिवस एकाच छापाचा असतो. कमाल तापमान ३४ अंश, किमान २८, आकाश अंशतः ढगाळ, हवा उष्ण व दमट. नागपूर-चंद्रपूरकडचे पाहुणे हे ऐकून हसतात. त्यांच्याकडे पारा ४५ ला टेकलेला असतो. पण इकडे याच ३४ अंशांत नाक्यावरचा कामगार भोवळ येऊन बसतो आणि पत्र्याच्या खोलीतली म्हातारी माणसे रात्रभर कूस बदलत राहतात. असे का होते हे कळले, तर अंदाजातला कोणता आकडा आपल्या कामाचा आहे तेही कळते.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे दुपारपूर्वी सुरू झाले तर मुंबईचा पारा फार चढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून, कोरडा गरम वारा जोरात येतो आणि खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत अडवून धरतो. त्या दिवशी पारा थेट ४० च्या आसपास जातो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली ती अशाच मोसमातली. तारीख पाहिलीत ना? जयंतीच्या मिरवणुका नेमक्या याच दिवसांत निघतात. लहान मुले, गरोदर बाया आणि वयस्कर मंडळींना त्यात उन्हे उतरल्यावरच न्यावे, आणि वाटेत पाण्याची सोय आधी पाहून ठेवावी.

मे महिन्यातला त्रास मात्र वेगळा असतो. तेव्हा वारा समुद्राकडून येतो आणि ओल घेऊन येतो. पहाटे किनाऱ्यावर खालच्या थरातले करडे ढग दिसतात. लोक म्हणतात, बरे झाले, आज ऊन नाही. ऊन थोडे कमी लागते हे खरे, पण शरीराची अडचण वाढलेली असते.

आपले शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम वाळला नाही, नुसता ठिबकला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. उलट पाणी आणि मीठ मात्र जाते. हवेत आधीच बाष्प ठासून भरलेले असेल तर घाम वाळणार कुठे? म्हणून अंदाजात तापमानाच्या शेजारी आर्द्रतेचा आकडा पाहावा. तापमान ३४ आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर अंगाला साधारण ३४ च जाणवते. आर्द्रता ७० टक्के झाली की तेच ३४ अंश ४६ सारखे लागतात, तेही सावलीत. विदर्भात उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर मुंबईच्या बंद खोलीत का चालत नाही, त्याचेही कारण हेच. तो खोलीतली ओल आणखी वाढवतो. कूलरसाठी हप्ता काढण्यापेक्षा पंखा बरा, आणि पंखा चालू असताना समोरासमोरचे दार-खिडकी उघडे ठेवावे.

ढगांचा दुसरा परिणाम रात्री होतो. दिवसभर तापलेल्या भिंती, सिमेंट आणि रस्ते रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती निघून जाते. खालचे ढग ती अडवतात आणि बरीचशी परत खाली पाठवतात. अंगावर गोधडी घ्यावी तसे. म्हणून किमान तापमान २८-२९ च्या खाली उतरत नाही. दिवसभर राबलेल्या शरीराला रात्री जो विसावा हवा तो मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे काम थकलेल्या अंगानेच सुरू होते. सलग तीन-चार रात्री अशा गेल्या की धोका वाढत जातो. माझ्या मते किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कमाल आकड्याइतकाच किमान आकडाही रोज पाहायला हवा.

‘उष्णतेची लाट’ हे शब्द बातमीत येण्याची वाट पाहू नये. हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेले तरच लाट मानतात. दमट ३४-३५ अंश त्यात बसतच नाहीत. त्यासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशारा येतो, बहुधा पिवळ्या रंगाचा, आणि लोक तो सोडून देतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळ्याला लाखोंचा समुदाय तासन्‌तास बसला होता. पारा ४० च्या खालीच होता. तरी १४ माणसे दगावली.

शिवाय अंदाजातले तापमान सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत मोजलेले असते. आपल्या घरावर पत्रा आहे, आत चूल किंवा गॅस आहे, माळ्यावर मुले झोपतात. तिथला आकडा कुणी मोजत नाही. पत्र्यावर वरून चुन्याचा पांढरा हात दिला तर बरेच ऊन परत फेकले जाते. हा खर्च पावसाळ्याआधी एकदाच, चार घरांनी मिळून केला तर झेपतो. दुपारचा स्वयंपाक सकाळी उरकावा आणि दुपारी म्हाताऱ्यांना माळ्यावर ठेवू नये. समाजमंदिर किंवा विहाराचा हॉल हवेशीर असेल तर तो दुपारी उघडा ठेवायला काय हरकत आहे?

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. वस्तीतल्या अनेक बाया दिवसभर मुद्दाम पाणी कमी पितात, कारण शौचालय लांब, घाण किंवा बिनदिव्याचे असते. दमट उन्हाळ्यात ही सवय चक्कर, मूत्रमार्गाची जळजळ आणि मुतखड्यापर्यंत नेते. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. शौचालयाचा दिवा आणि पाणी हा म्हणूनच आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो नगरसेवकापुढे तसाच मांडावा.

घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी न देता अंगावर अधिक वेळा पाजावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, मनाच्या आजाराच्या काही गोळ्या घाम कमी करतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मीठ-पाण्याचे प्रमाणही विचारूनच ठरवावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, आणि अंग भट्टीसारखे तापले असेल तर तो उष्माघात. दमट हवेत कष्ट करणाऱ्याचे अंग तेव्हा घामाने ओलेही असू शकते, त्यामुळे कातडी कोरडी नाही म्हणून निर्धास्त राहू नये. लगेच १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा. तापाची गोळी इथे काम करत नाही. कांदा चोळण्यात वेळ जातो. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर झोपवून अंगावर पाणी ओतणे दवाखान्याच्या दारापर्यंत चालू ठेवावे.