टाकळा: आधी ओळख, मग चूल

वाचन: 2 राजे 4:38-41

गिलगाल येथे दुष्काळ पडला असता एक शिष्य भाजीपाला आणावयास रानात गेला आणि अनोळखी रानवेलीची फळे चिरून त्याने हंड्यात घातली. हेतू चांगला होता. उणीव होती ती ओळखीची. पावसाळ्यात रानभाजी खुडणाऱ्या आपल्या घरांनाही हा धडा लागू आहे.

पाश्चात्त्य देशांत डँडेलियनची कोवळी पाने खातात व मुळे भाजून कॉफीऐवजी वापरतात. परंतु ते थंड हवेचे रोप आहे. पेडणे-डिचोलीकडे तेच काम टाकळा, म्हणजे आपला तायकिळो, करतो.

1. ओळख: पहिल्या सरींनंतर तो बांधावर व पडीक जागी उगवतो. प्रत्येक देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पान टोकाकडे रुंद व गोलसर. रात्री पाने मिटतात. फूल पिवळे, शेंग बारीक व लांब.

2. उपयोग: फुले येण्यापूर्वीच कोवळा पाला खुडावा. तो बारीक चिरून, कांदा, हिरवी मिरची, शिजवलेल्या फणसाच्या आठळ्या व ओले खोबरे घालून भाजी करतात. पाला सारक आहे, म्हणून बेताने खावा. बिया भाजून त्यांचीही कॉफी करतात. गजकर्णावर बियांचा लेप लावण्याची जुनी रीत आहे; यावरूनच संस्कृतात त्यास चक्रमर्द म्हणतात.

3. सावधगिरी: कासविंदा हा टाकळ्याचाच भाऊबंद. त्याच्या पानांच्या जोड्या चार-पाच असतात, पाने टोकदार व शेंगा चपट्या असतात. उग्र वास दोघांनाही येतो, म्हणून वासावर विसंबू नये. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले एका जीवघेण्या आजाराने दगावत होती. यकृत, स्नायू व मेंदू यांवर घाला घालणाऱ्या त्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मुलांना या शेंगांशी खेळू देऊ नये. तसेच हमरस्त्यालगतचा किंवा खाणीच्या मातीच्या ढिगाजवळचा पाला घेऊ नये.

ज्या पानाविषयी शंका वाटेल ते टाकून द्यावे. एका वेळची भाजी बुडाली तरी चालेल.

चर्चेसाठी प्रश्न:
(अ) शिष्याचा हेतू चांगला असूनही हंड्यातील अन्न घातक का ठरले?
(ब) टाकळा व कासविंदा यांतील दोन फरक सांगा.
(क) आपल्या मंडळीत रानभाज्या अचूक ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया कोण आहेत? त्यांचे हे ज्ञान आपण मुलांना केव्हा देणार?