बैल गाडीला ओढतो, मग गाडी बैलाला का नाही?

एन.एस.एस.च्या शिबिरात अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या शाळेवर "सातवीचा विज्ञानाचा तास घ्या" असं सांगितलं की आपल्यापैकी निम्म्यांना वाटतं, हे काय, सातवीचं तर आहे! न्यूटनचे तीन नियम फळ्यावर लिहायचे, दोन गणितं सोडवायची, झालं काम. मुलंही शहाणी असतात. नियम वहीत उतरवून घेतात, विचारले की घडाघडा म्हणून दाखवतात, आणि डोक्यात मात्र आधीपासून जे असतं तेच ठेवतात. ते असतं असं : ढकलत राहिलं तर वस्तू चालते, ढकलणं थांबलं की वस्तू थांबते.

पुढच्या बॅचमधले जे कोणी शिकवायला जातील त्यांच्यासाठी हा लेख लिहितोय, आणि तो बराचसा या एका वाक्याबद्दलच आहे. कारण हे वाक्य हललं नाही तर बाकीचं सगळं पाठांतर.

आधी एक गोष्ट मान्य करूया. मुलांचं हे म्हणणं मूर्खपणाचं नाही. अक्कलकोटच्या मुलाने आयुष्यभर काय पाहिलेलं असतं? पायडल मारणं सोडलं की सायकल थांबते. बैल थांबले की गाडी थांबते. हातगाडीवाल्याने हात काढला की गाडा जागेवर. त्याने बघितलेल्या प्रत्येक गोष्टीने हेच सांगितलंय! ॲरिस्टॉटलचंही म्हणणं असंच होतं, आणि ते जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं. फेकलेला दगड हातातून सुटल्यावरही का जातो, हा प्रश्न मात्र सगळ्यांनाच छळत होता. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने सांगितलं की फेकणारा दगडात काहीतरी भरतो, ते संपेपर्यंत दगड जातो. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात त्याच्या कितीतरी आधी 'संस्कार' नावाचा गुण मानला होता आणि 'वेग' हा त्याचा एक प्रकार. सातवीतलं पोरगं जेव्हा म्हणतं, "सर, हातातली ताकद चेंडूत जाते", तेव्हा ते या मोठ्या मंडळींच्या रांगेत उभं असतं. त्याला "चूक" म्हणून खाली बसवू नका.

आणि आपण तरी कुठे वेगळे? हा प्रश्न स्वतःला विचारा. नाणं सरळ वर उडवलं. ते वर जात असताना, अर्ध्या वाटेवर, त्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडून द्या. १९८२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉन क्लेमंट यांनी इंजिनिअरिंगच्या नव्या विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं. बहुतेकांनी नाण्यावर एक बाण खाली (गुरुत्वाकर्षण) आणि एक बाण वर (हाताचं बल) काढला. बरोबर उत्तर एकच बाण, खाली. हात सुटला, हाताचं बल संपलं. नाणं वर जातंय ते आधीचा वेग आहे म्हणून, आणि तो वेग गुरुत्वाकर्षण क्षणाक्षणाला कमी करतंय. आमच्या होस्टेलच्या रूममध्ये हा प्रश्न टाकून बघा. इंजिनिअरिंग मेकॅनिक्स सुटलेली मंडळीही वरचा बाण काढतात! फ्री बॉडी डायग्राममध्ये नसलेली बलं घुसतात ती इथूनच. सातवीत जे राहून जातं ते फर्स्ट इयरला केटी बनून भेटायला येतं.

आता तासाकडे वळू.

पहिला तास गतीचा. हा सोपा आहे, फार वेळ घालवू नका. फक्त अंतर आणि विस्थापन यांतला फरक वटवृक्षाजवळ नेऊन सांगा, म्हणजे प्रत्यक्ष न्यायची गरज नाही, सगळ्यांनी ते मंदिर पाहिलेलंच असतं. प्रदक्षिणा घालून पुन्हा त्याच पायरीशी आलात. चाललात किती? भरपूर. विस्थापन किती? शून्य. मुलं हसतात आणि विसरत नाहीत. (एखादा आगाऊ "मग पुण्य पण शून्य का सर?" असं विचारतोच. विज्ञानाच्या तासात त्याचं उत्तर द्यायचं नसतं.) चालीसाठी एस.टी. घ्या. सोलापूर ते अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, बसला एक तास लागला तर सरासरी चाल ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. वर्गाची लांबी मोजायला लावा आणि विचारा, एका सेकंदात असे किती वर्ग? आकडा डोळ्यांसमोर येतो.

दुसऱ्या तासाला गोटी. यासाठी लागतं काय, तर एक खाच असलेली पट्टी, एक गोटी, गोणपाट, सोलापुरी चादर आणि शहाबादी फरशी. चादर प्रत्येकाच्या घरी असते. फरशीचं शहाबाद तर अक्कलकोट रोड स्टेशनवरून वाडीकडे जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यात ती बहुधा असतेच. पट्टीचं एक टोक दोन पुस्तकांवर टेकवा. गोटी दर वेळी त्याच उंचीवरून सोडायची, ढकलायची नाही. म्हणजे खाली येताना तिचा वेग दर वेळी जवळपास तेवढाच. आधी गोणपाटावर, मग घट्ट ताणलेल्या चादरीवर, मग फरशीवर. किती अंतर गेली ते मुलांनीच टेपने मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं.

पण सोडण्याआधी अंदाज लिहून घ्या! हे सगळ्यात महत्त्वाचं. अंदाज न लिहिता प्रयोग केला तर मुलं नंतर म्हणतात, "आम्हाला माहीतच होतं." फरशीवर गोटी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन भिंतीला आपटते तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. मग विचारा : गोटी तीच, उंची तीच, मग तिला जास्त लांब कोणी ढकललं? कोणीच नाही. मग फरक कशात? थोडा वेळ गप्प बसा. कोणीतरी म्हणतंच, "पोतं अडवतंय सर." बस्स, इथे 'घर्षण' हा शब्द द्या, आधी नाही. पुढचा प्रश्न : याहून गुळगुळीत फरशी असती तर? आणि अजिबात न अडवणारी असती तर? गॅलिलिओने सतराव्या शतकात उतारावरून गोळे सोडून अशाच प्रकारे विचार केला होता. न अडवणारी फरशी त्याच्याकडेही नव्हती. जे करता येत नाही त्याचा अंदाज जे करता येतं त्यावरून बांधणं, ही उडी मुलांनाही घेऊ द्या. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा पहिला नियम केला.

म्हणजे सायकल थांबते ती पायडल थांबलं म्हणून नाही, तर काहीतरी तिला थांबवतं म्हणून. 'बल नाही म्हणून थांबली' आणि 'बल आहे म्हणून थांबली' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यानंतर विटेचा प्रयोग घ्या, कारण मुलांची एक शंका अजून शिल्लक असते. विटेला दोरी बांधून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. सुरुवातीला काटा चढत जातो आणि वीट हलत नाही. मग एकदम सुटते, काटा थोडा खाली येतो. आता हळूहळू, एकाच चालीने ओढत राहा. काटा साधारण एका जागी राहतो. मुलं म्हणतात, वीट पुढे जातेय म्हणजे आपलं बल घर्षणापेक्षा जास्त. नाही! चाल बदलत नसेल तर दोन्ही अगदी सारखी. आपण फक्त घर्षणाचं देणं फेडतोय. विटेखाली चार गोल पेन्सिली घाला, काटा जवळजवळ शून्यावर येतो आणि वीट मात्र चालतेच. वेग टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं. 'असंतुलित बल' या शब्दाचा अर्थ इथे कळतो. काट्यावरचं किलो-ग्रॅम बघून न्यूटनबद्दल प्रश्न आला तर १०० ग्रॅमचं वजन हातात द्या : ते तळहातावर जेवढं दाबतं ते जवळपास १ न्यूटन.

एस.टी.चं उदाहरण सगळेच देतात, पण जपून. "ब्रेक लागला की जडत्वामुळे आपण पुढे फेकले जातो" हे वाक्य आपल्या सगळ्यांचं पाठ आहे, आणि मुलं त्याचा अर्थ लावतात की जडत्व नावाचं कोणीतरी मागून ढकलतं. पुढे कोणीच फेकत नाही. बस थांबते, आपण आपले आधीच्याच वेगाने चाललेलो असतो. रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्या माणसाला काय दिसेल, असं विचारा. म्हणजे गोष्ट सरळ होते.

आता शीर्षकातला बैल. तिसरा नियम सांगून झाला की हा प्रश्न यायलाच हवा, नाही आला तर तुम्ही विचारा. बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग दोघं एकमेकांचं खोडून काढणार, गाडी हलणार कशी? वर्ग गप्प होतो. उसाच्या गाड्या रोज समोरून जाताना बघणारी मुलं, आणि नियमाप्रमाणे गाडी हलूच शकत नाही!

उत्तर लगेच देऊ नका. रस्सीखेच लावा. एका बाजूला वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा, दुसऱ्या बाजूला काडीपैलवान. दांडग्याला पायमोजे घालून शहाबादी फरशीवर उभा करा आणि फरशीवर बारीक कोरडी वाळू पसरा. (ज्वारीचे दाणे जास्त सरकतात, पण ज्वारीच्या मुलखात धान्यावर पाय ठेवायला कोणी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे.) काडीपैलवानाला चपला घालून अंगणातल्या घट्ट मातीवर. मागे पोती टाकून ठेवा, पडलं तर लागायला नको. दोरीच्या मध्ये स्प्रिंगचे दोन काटे एकमेकांत अडकवा. काटे दोन्हीकडे सारखंच दाखवतात आणि जिंकतो काडीपैलवान! ताकद त्याची जास्त नव्हती. दोरी दोघांना सारखीच ओढत होती. मग तो जिंकला कोणाच्या जिवावर? जमिनीच्या.

इथे बैलाकडे परत या. गाडी हलेल का, हे ठरवायचं असेल तर फक्त गाडीवरची बलं बघायची : जू पुढे ओढतंय, चाकांचं घर्षण मागे ओढतंय. पहिलं जास्त झालं की गाडी निघाली. गाडीने बैलाला जे ओढलं ते बैलाच्या खात्यात जातं, गाडीच्या नाही. दोन माणसांच्या पासबुकातली जमा-खर्च एकमेकांत वजा करतं का कोणी? बैलाच्या खात्यात बघा : गाडी मागे ओढतेय, आणि खुरांनी जमीन मागे रेटली म्हणून जमीन त्याला पुढे ढकलतेय. पावसाळ्यात काळ्या मातीत खूर सरकायला लागले की बैल तेच, ताकद तीच, गाडी मात्र रुतलेली, हे शेतकऱ्याच्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यालाच सांगायला लावा. लोखंडी धावेच्या चाकाऐवजी टायरची गाडी बैलाला हलकी का जाते, चाकाला वंगण कशाला, ही उत्तरंही तोच देतो. गाडी आणि बैल यांची दोन वेगळी चित्रं फळ्यावर काढून बाण काढले की झाला आपला फ्री बॉडी डायग्राम, नाव न घेता.

भाषेबद्दल थोडं. अक्कलकोट तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुलं पुष्कळ, कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. घाबरू नका, 'बल' कन्नडमध्येही बलच, 'जडत्व' जडत्वच, घर्षणाचं 'घर्षणे' होतं. वेगही वेगच, फक्त आपण ज्याला चाल म्हणतो तो तिकडे 'जव' आणि त्वरण म्हणजे 'वेगोत्कर्ष'. मला तर वेगोत्कर्ष हा शब्द त्वरणापेक्षा आवडतो, ऐकताक्षणी अर्थ सांगतो. गटात बोलताना मुलांना कन्नडमध्ये भांडू द्या, फळ्यावर दोन्ही शब्द लिहा.

"एवढ्यात पोर्शन कसा होणार?" असं एखादे गुरुजी विचारतील. त्यांचंही बरोबर आहे, परीक्षा त्यांना घ्यायची असते. पण २०१७ मध्ये आलेल्या सातवीच्या पुस्तकातला 'गती, बल व कार्य' हा धडा उघडून दाखवा. वर सांगितलेलं बहुतेक तिथलंच आहे, फक्त क्रम उलटा : आधी प्रयोग, शेवटी व्याख्या. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने हीच पद्धत तीस वर्षं चालवली. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये तिथेच गेले, आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्यांनी जे सुरू केलं ते पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेपर्यंत आलं. आपल्यासारख्याच पदवीचा माणूस आहे हा, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जाताना पिशवीत काय न्याल : दोन स्प्रिंगचे काटे (भांड्यांच्या दुकानात मिळतात; घेताना रिकामा काटा शून्यावर येतो का ते तपासा आणि दोन्ही एकमेकांत अडकवून सारखं दाखवतात का तेही), दहा-बारा गोट्या, टेप, जाड दोरी, गोल पेन्सिली. वीट, वाळू आणि पोती गावात मिळतात. चादर आपली नेऊ नका, मुलांना आणायला सांगा. कोणाची चादर जास्त अडवते यावरून एक तास आणखी निघतो.